कोरियन कुटुंबाला सुरी भेट द्यावी का? (आणि जेवणाच्या टेबलावर कात्री का?)

केळफूल
नमस्कार मंडळी. आम्ही दक्षिण कोरियात सुवॉनला राहतो. नवऱ्याच्या टीममधल्या एकाने नवीन फ्लॅट घेतलाय, पुढच्या शनिवारी ‘जिप्तुरी’चं, म्हणजे घरभरणीचं बोलावणं आहे. दोघंही नवरा-बायको हौशी स्वयंपाकी, म्हणून चांगल्या सुऱ्यांचा संच द्यावा असं मनात होतं. टीममधल्या दुसऱ्या एका मुलीला सहज सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. “सुरी नको हं, संबंध तुटतात.”

त्यावरून डोक्यात भुंगा सुरू झालाय. माझं मत असं की या लोकांना सुरीचं वावडंच आहे. जेवणाच्या टेबलावर चमचा आणि धातूच्या चॉपस्टिक्स, सुरी कधीच नाही. मांस कापायचं तर कात्री. किमची (मुरवलेली कोबी) कापायची तरी कात्री. टीव्हीवर मालिकेत कोणी सुरी उगारली की तेवढा भाग धूसर. घरमालकीण आजी ओट्यावर सुरी उघडी दिसली की लगेच फडक्याखाली ढकलतात.

कोरियात राहणाऱ्यांचे, राहून आलेल्यांचे अनुभव ऐकायला आवडतील. आणि भेटीचं काय करू तेही सांगा, शनिवार जवळ येतोय.

टवाळ_तात्या
टेबलावर कात्री? म्हणजे जेवण मापाने बेतून शिवून देतात की काय?

पावटा
वाचतोय. लेखाचा विषय एकदम वेगळा.

देजॉनचा_पोस्टडॉक
केळफूल, वावडं वगैरे काही नाही हो. सुरी स्वयंपाकघरात इतकं काम करून मोकळी झालेली असते की टेबलावर तिला काम उरत नाही, एवढंच.

तुम्ही सुवॉनलाच आहात म्हणून तिथलंच उदाहरण देतो. सुवॉनची काल्बी प्रसिद्ध आहे. बरगडीचं जाड मांस हाडापासून न तोडता पट्टीसारखं उलगडायचं, त्यावर आडव्या-तिरक्या बारीक चिरा द्यायच्या, मग मुरवायचं. हे सगळं सुरीचं काम, आणि चांगलंच कौशल्याचं. दाम्यांगकडची तोक्काल्बी तर मांस बारीक चेचून पुन्हा थापूनच भाजतात. ताटात येईपर्यंत सगळं चॉपस्टिकने उचलता येईल अशा बेताचं झालेलं असतं.

उरली कात्री. ती भीतीपोटी आलेली नाही, सोयीपोटी आलीय. टेबलाच्या मधोमध निखारे, त्यावर जाळी, जाळीवर मांसाची लांब पट्टी. सुरीने कापायचं तर ती पट्टी उतरवा, पाट ठेवा, कापा, परत चढवा. त्यापेक्षा एका हातात चिमटा, दुसऱ्यात कात्री, जाळीवरच कचाकच तुकडे. आमच्या लॅबमध्ये ते काम वयाने सगळ्यात लहान असेल त्याच्या गळ्यात पडतं. प्रोफेसरांसमोर कात्री चालवताना माझा हात कापायचा, तो सुरीच्या भीतीने नव्हे.

सासूबाई_जिंदाबाद
एक बाळबोध प्रश्न. आपल्या ताटात तरी सुरी कुठे असते? भाकरी हाताने मोडायची, कांदा बुक्कीने फोडायचा. मग आपल्यालाही सुरीचं वावडं म्हणायचं का?

केळफूल
@सासूबाई_जिंदाबाद, मुद्दा मान्य, पण आपल्याकडे टीव्हीवर सुरी धूसर करत नाहीत ना. आणि भेटीचा प्रश्न राहतोच.

@पोस्टडॉक, चिमटा-कात्रीची सोय पटली. पण नेंगम्योनचं काय? ते गार सूपमधले शेवयांसारखे नूडल्स. तिथे निखारे नसतात, तरी वाढपीण बाई कात्री घेऊन हजर! विचारायच्या आत वाडग्यात चार तुकडे.

देजॉनचा_पोस्टडॉक
ते नूडल्स रबरासारखे चिवट असतात म्हणून. पण त्यावरही तिथे दोन तट आहेत. जुनी मंडळी म्हणतात लांब नूडल म्हणजे दीर्घायुष्य, कापू नये. प्योंगयांग पद्धतीचे भोक्ते तर धातू लागला की चव जाते असं सांगून कात्री परत पाठवतात. म्हणजे कात्रीचंही वावडं असणारे आहेतच.

के_ड्रामा_काकू
आता माझ्या विषयावर आलात 😀

धूसर करण्याबद्दल: सुरी दिसली की धूसर, असं नसतं. रेसिपीच्या कार्यक्रमात तीच सुरी स्वच्छ दिसते. मालिकेत कोणी ती माणसावर रोखली की मग पातं धूसर. सिगारेट आणि अंगावरचं गोंदणही तसंच. तिथे नियामक मंडळ प्रसारण झाल्यावर तक्रारी तपासतं आणि कारवाई करतं, त्यामुळे वाहिन्या आधीच हात राखून वागतात. ओटीटीसाठी बनलेल्या मालिकांना हा जाच नाही, तिथे रक्ताचे पाट वाहतात. म्हणजे कोरियन माणूस ते बघतोच की, फक्त घरातल्या दिवाणखान्यात सगळ्यांसमोर नको.

मला स्वतःला धूसर पातं जास्त भीतिदायक वाटतं. पात्राच्या हातात राखाडी ठिपक्यांचा ढग, आणि समोरचा घाबरून मागे सरकतोय!

टवाळ_तात्या
काकू, आमच्या घरात सकाळी उठल्यावर चष्मा सापडेपर्यंत सगळंच धूसर असतं. नियामक मंडळ खूश.

कायदेपंडित
कायद्याची बाजू मांडतो, कारण त्यात हाच भेद दिसतो.

दक्षिण कोरियात बंदुका, तलवारी आणि स्फोटकांसाठी एकत्र कायदा आहे. तलवार-खंजीर जातीचं हत्यार, पातं १५ सेंमी किंवा जास्त, की पोलिसांचा परवाना हवा. घडीच्या चाकूला ६ सेंमीपासून आणि कळ दाबून आपोआप उघडणाऱ्याला ५.५ सेंमीपासून. स्वयंपाकाची सुरी यात येतच नाही, कारण ती हत्यार म्हणून बनवलेली नसते. कितीही लांब असो, दुकानात जा आणि घ्या.

बंदुकीचं उलट. शिकारीची बंदूकसुद्धा पोलीस ठाण्यात जमा ठेवावी लागते. त्यामुळे ज्याला कोणाला काही वाईट करायचं असतं त्याच्या हाताशी सुरीच असते. राजकारणातले हल्ले आठवा. २००६ मध्ये पार्क ग्युन-हे (पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्या) यांच्यावर प्रचारसभेत कटरने वार झाला. २०१५ मध्ये अमेरिकेचे राजदूत मार्क लिपर्ट यांच्या चेहऱ्यावर फळं कापायच्या सुरीने वार झाला. जानेवारी २०२४ मध्ये ली जे-म्युंग (तेव्हाचे विरोधी पक्षनेते) यांच्या मानेवर बुसानमध्ये. २१ जुलै २०२३ ला सोलच्या शिल्लिम स्टेशनजवळ आणि मग ३ ऑगस्टला बुंदांगमधल्या सोह्योन स्टेशनजवळ अनोळखी माणसांवर हल्ले झाले, तेव्हा देश हादरला. गंगनाम स्टेशनबाहेर पोलिसांच्या चिलखती गाड्या उभ्या राहिल्या.

तेव्हा लक्षात आलं की रस्त्यावर सुरी बाळगणाऱ्याला लावायला धड कलमच नाही. किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात लपवून हत्यार बाळगण्याला फार तर १ लाख वॉन दंड होता. म्हणून दंडसंहितेत नवं कलम घातलं, ८ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. सार्वजनिक जागी रास्त कारणाशिवाय हत्यार उघडं दाखवून लोकांत भीती निर्माण केली तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी वॉनपर्यंत दंड.

केळफूल
२०२३ च्या त्या ऑगस्टमध्ये आम्ही इथेच होतो. बुंदांग आमच्यापासून मेट्रोने जवळ. कितीतरी दिवस लोक फलाटावर भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, हेडफोन कानात नाहीत. कोणाच्या हातून छत्री पडली तरी डबा दचकायचा. म्हणून मी म्हणते की वावडं आहे.

मुक्काम_उल्सान
केळफूल, ती भीती खरी, पण ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची. सुरीचा तिथल्या लोकांच्या मनातला जुना अर्थ बघायचा तर खेड्यात जायला हवं.

उल्सानला जहाजाच्या कामावर असताना एका सहकाऱ्याच्या गावी गेलो होतो. त्याच्या आजीने सांगितलेलं: लग्ना-मयताच्या घरी जेवून माणूस आला आणि अंगात कसकस, पोटात ढवळायला लागलं की ‘बाहेरचं’ लागलं असं समजायचे. मग भोपळ्याच्या वाडग्यात भाताची पातळ पेज, त्यात घरातलं थोडंथोडं कालवण. आजाऱ्याच्या डोक्याभोवती सुरी फिरवायची, त्याला वाडग्यात थुंकायला लावायचं, आणि मग सुरी अंगणात फाटकाच्या दिशेने फेकायची. टोक बाहेरच्या बाजूला पडलं तर बाधा गेली. टोक घराकडे वळलं तर पुन्हा फेका!

मी ऐकून गार. आमच्या आजीचा दहीभाताचा उतारा तिठ्यावर ठेवायचा, इथे सुरी फाटकाबाहेर बोट दाखवते. मुदांगच्या, म्हणजे अंगात येणाऱ्या भगतिणीच्या, मोठ्या विधीतही शेवटी सुरी अशीच फेकून कौल घेतात. आणि काही मुदांग अनवाणी जाक्दूच्या पात्यावर उभ्या राहतात. जाक्दू म्हणजे गुरांचा चारा कापायचं यंत्र, आपल्या अडकित्त्याचा थोरला भाऊ समजा.

ज्याचं वावडं असतं ते कोणी भुताला घालवायला वापरेल का?

सासूबाई_जिंदाबाद
आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा-कोयता ठेवतात आणि नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, तशातलंच हे.

पोलादी
भेटीच्या मुद्द्यावर एक. सुरी भेट देऊ नये म्हणतात आणि तिकडे खुद्द राष्ट्राध्यक्ष तलवार भेट देतात! सैन्यात ब्रिगेडियर जनरल झालं की ‘साम्जोंगगम’ नावाची तलवार मिळते. पुढे लेफ्टनंट जनरलपासून वरची बढती मिळाली की नवी तलवार नाही, त्याच तलवारीला फीत बांधतात. जोसोन राजघराण्याच्या काळातले (१३९२ ते १९१०) राजेही मर्जीतल्या लोकांना ‘साइनगम’ द्यायचे. वाघाचं वर्ष, वाघाचा महिना, वाघाचा दिवस आणि वाघाचा प्रहर असे चारही जुळून आले की घडवलेली तलवार. तिने कोणाला मारायचं नसे, तिने अरिष्ट टळतं अशी समजूत.

आणि आसानला गेलात तर ह्योन्चुंगसा या स्मारकात ॲडमिरल यी सुन-शिन (जपानी आरमाराला हरवणारा सोळाव्या शतकातला सेनानी) यांच्या दोन तलवारी बघा. १५९४ च्या, प्रत्येकी जवळजवळ २ मीटर लांब! २०२३ मध्ये त्यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. लढाईत इतकी लांब तलवार कोण फिरवणार? ती समोर ठेवून मन घट्ट करण्यासाठी. पात्यावर त्यांच्या स्वतःच्या ओळी कोरल्यात.

टवाळ_तात्या
केळफूल, शनिवारी दोन मीटरची घेऊन जा. संबंध तुटायची कोणाची हिंमत होणार नाही.

इतिहासाचं_वेड
सगळे सुरीबद्दल बोलताय, सुरी धरणाऱ्या हातांबद्दल कोणीच बोललं नाही.

जोसोन काळात जनावरं कापणारे, चामडं कमावणारे ‘पेक्जोंग’ समाजाच्या तळाशी होते. वस्ती गावाबाहेर, पोशाखावर बंधनं, लग्न आपल्यातच. १८९४ च्या काबो सुधारणांनी कागदावर जन्मजात भेद मिटवले, पण मुलांना शाळेत घ्यायला गावकरी तयार नसत. शेवटी १९२३ मध्ये चिंजू शहरात ‘ह्योंगप्योंगसा’ ही संघटना उभी राहिली. ह्योंग म्हणजे तराजू, तोच तोलाचा तराजू त्यांनी समतेची खूण म्हणून घेतला. जपानमध्ये त्याच्या आदल्या वर्षी बुराकू (तिथला बहिष्कृत) समाजाची सुईहेइशा ही संघटना निघाली होती, आणि आपल्याकडे महाडचा सत्याग्रह १९२७ चा. तीन देशांत साधारण पाच वर्षांच्या काळात.

मांस सगळ्यांना हवं, कापणाऱ्याची सावली नको, हे आपण कोणाला शिकवायची गरज नाही. मला टेबलावर सुरी नसण्यापेक्षा हे जास्त बोलकं वाटतं. गंमत म्हणजे आज कोरियात (आणि कोरियाबाहेरही) बार्बेक्यूच्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘पेक्जोंग’ हे नाव ऐटीत मिरवतं. शंभर वर्षांपूर्वी ती शिवी होती.

पावटा
@इतिहासाचं_वेड, प्रतिसाद फार आवडला. चिंजूच्या चळवळीवर वेगळा धागा काढाच.

के_ड्रामा_काकू
+१. आणि ऐतिहासिक मालिकांत बायकांच्या कमरेला लटकणारी चांदीची छोटी कट्यार असते, ‘उनजांगदो’, तिच्याबद्दलही कोणीतरी लिहा. मालिकांत ती एकाच कामाला येते, शीलरक्षणासाठी स्वतःच्या गळ्याला लावायला. मला तर राग येतो दरवेळी. हल्लेखोराला लाव ना बाई!

पोलादी
काकू, मालिका एवढंच दाखवतात. जांगदो पुरुषही बाळगायचे, अंगरख्याला अडकवून. दागिना, कापायचं हत्यार, सगळं एकात. काहींच्या म्यानाला चांदीच्या चॉपस्टिक्स जोडलेल्या असतात. विष असलं तर चांदी काळी पडते या समजुतीने जेवण तपासायला. दक्षिणेला ग्वांगयांगमध्ये जांगदोचं संग्रहालय आहे, आणि ही कला १९७८ पासून राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहे.

जोन्जूची_सून
उशिरा येतेय, पण मी इथल्या घरात सून म्हणून आले आहे, त्यामुळे थोडं आतलं सांगते.

सुरी फडक्याखाली ढकलणं आमच्या सासूबाईही करतात. भीती वगैरे नाही. सुरी कामाला काढायची, काम झालं की धुऊन-पुसून जागेवर. उघडी पडलेली सुरी म्हणजे ढिसाळ घर. माझ्या आईनेही विळीचं पातं उघडं ठेवलं म्हणून मला धपाटे घातलेत. यात कोरियन काय आणि कोल्हापुरी काय!

कोण, कधी, काय कापतं याचे मात्र घरात नियम आहेत. सासरे वर्षभर स्वयंपाकघरात पाय ठेवत नाहीत, पण जेसाच्या (पितरांच्या पूजेच्या) आदल्या रात्री सुरी घेऊन बसतात ते कच्चे चेस्टनट सोलायला. नुसतं साल काढायचं नसतं, एकेकाला सपाट पैलू पाडायचे, वर-खाली चपटं करायचं म्हणजे ताटलीत मनोरा रचता येतो. सफरचंद-नाशपातीचा वरचा एक काप काढून मांडायचं. हे काम घरातल्या पुरुषांचं, आणि त्यांना त्याचा कोण अभिमान. सासरे एक चेस्टनट सोलायला लावतात तेवढ्या वेळात आम्ही बायका अख्खी तळणं उरकतो, हे आपलं जाता जाता.

किमजांगच्या (हिवाळ्यासाठी घाऊक किमची घालण्याच्या) वेळीही बघा. कोबीच्या गड्ड्याला बुडाशी सुरीने फक्त चीर द्यायची आणि पुढे हाताने फाडायचं. आरपार कापलं तर पानांचा चुरा होतो. मुरलेली किमची तर सासूबाई हातानेच उभी फाडून गरम भातावर ठेवतात. पाहुणे असले की कात्री, घरचे असलो की बोटं. हाताने फाडून दिली की समजायचं, आपण घरातले झालो.

जेवणानंतर फळं येतात तेव्हा सुरी बैठकीत येते. छोटी फळांची सुरी, ताट आणि यजमानीण. गप्पा मारता मारता ती पेअर सोलत असते, साल न तुटता एकाच रिबिनीत. म्हणजे केळफूल, सुरी पाहुण्यांसमोर येतच नाही असं नाही. माझ्या लग्नाआधी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा समोर सुरी आणि सफरचंद आलं होतं. परीक्षा होती हो ती! मी आपली विळीवर वाढलेली, दाण्याएवढ्या जाडीची साल काढली. कोणी काही बोललं नाही. नंतर कळलं की आत्याबाईंनी मोजली होती.

सासूबाई_जिंदाबाद
कांदेपोह्यांची कोरियन आवृत्ती! ❤️

केळफूल
@जोन्जूची_सून, काय सुंदर लिहिलंत. फळांची सुरी आमच्या आजीही बाहेर आणतात, खरंय. पण मग भेट म्हणून का नको? तुमच्या सासूबाईंना विचाराल का?

जोन्जूची_सून
विचारलं. त्यांचं म्हणणं, नको. सुरी तोडते म्हणून नातंही तुटतं असं मानतात, विश्वास असो-नसो, नव्या घरात कशाला शंका ठेवायची. मी म्हटलं, मग तुम्हीच मला नामवॉनची सुरी दिलीत ती? (नामवॉन इथून तासाभरावर, जिरीसानच्या पायथ्याशी, तिथल्या घरगुती सुऱ्या नावाजलेल्या आहेत.) तर म्हणाल्या, “तुझ्याकडून १०० वॉनचं नाणं घेतलं होतं ना? तू ती विकत घेतलीस.” मला आठवतही नव्हतं. बाजारासाठी सुट्टे म्हणून नाणं मागितलं असेल असं वाटलं होतं.

तर घरच्यांत नाणं घेऊन चालतं. ऑफिसातल्या माणसाला आधी सुरी द्यायची आणि मग नाणं मागायचं, ते विचित्र दिसेल.

देजॉनचा_पोस्टडॉक
जिप्तुरीला इथले लोक टॉयलेट पेपरचा मोठा गठ्ठा आणि कपडे धुवायची पावडर नेतात. हसू नका. कागद सुटत जातो तशी कामं सुटसुटीत सुटावीत आणि पावडरीच्या फेसासारखी भरभराट फुगावी, अशी भावना.

टवाळ_तात्या
आमच्या वास्तुशांतीला आलेले सत्तावीस भिंतीवरचे गणपती पाहता, मला टॉयलेट पेपर मनापासून आवडला असता.

केळफूल
ठरलं. तीन पदरी कागदाचे तीस रोल आणि पावडर. सोबत डब्यात पुरणपोळ्या, त्या हाताने तुटतात. माझं मत थोडं राखूनच आहे: दिवाणखान्यातली सुरी आणि रस्त्यावरची सुरी इथे दोन वेगळ्या वस्तू झाल्यात, आणि २०२३ नंतर दुसरीची सावली पहिलीवर पडायला लागलीय. आमच्या आजी हल्ली दुकानातून नवी सुरी आणताना वर्तमानपत्राचे चार थर गुंडाळून वर पिशवीला गाठ मारतात. पूर्वी असं करत नव्हत्या, हे त्याच सांगतात.

आता माझा खरा प्रश्न. भारतातून आणलेल्या विळीची धार गेलीय. इथे लावून कुठे मिळेल?

मुक्काम_उल्सान
सोलमध्ये काही गू-कार्यालयं (म्हणजे आपलं वॉर्ड ऑफिस) छत्री दुरुस्ती आणि सुरीला धार अशी सेवा चालवतात. तुमच्याकडे सुवॉनलाही चौकशी करा. पण विळी बघून तो माणूस काय म्हणेल सांगता येत नाही, बसायचा पाट आणि उभं पातं. जाक्दू समजून मुदांगकडे पाठवेल.

टवाळ_तात्या
आणि मेट्रोतून नेताना नवं कलम लागेल! @कायदेपंडित, जामीन कोण राहणार?

कायदेपंडित
धार लावायला नेणं हे रास्त कारणच आहे. पातं खाली घडी करा, जाड टॉवेलात गुंडाळा, वर पिशवी, आणि डब्यात मांडीवर घेऊन बसू नका, खाली पायाशी ठेवा. खोबरं खवायचा तो पुढचा दातेरी चांदवा बाहेर डोकावत नाहीये एवढं बघा.